वेचणीची गाडी

यंदा कापूस एकदम फुटला. दिवाळी सरते न सरते तोच वावरं पांढरी झाली आणि दिवस उगवायच्या आधी रस्त्यावर हॉर्न सुरू झाले. वेचणाऱ्या बाया आणायला निघालेल्या गाड्यांचे हे हॉर्न. आमच्याकडे कापूस फुटला की गावातल्या बाया पुरत नाहीत, मग कास्तकार दुसऱ्या गावाहून आणतो. जो आधी पोचला त्याच्या वावरात बाया. उशीर झाला तर त्या दुसऱ्याच्या गाडीत बसून गेलेल्या असतात आणि आपला कापूस बोंडातून लोंबत राहतो, वारा सुटला की मातीत पडतो.

मी आता जात नाही. पोरगा जातो, भाड्याची पिकअप घेऊन. मी खाटेवर पडल्यापडल्या ऐकतो आणि कोणता हॉर्न कोणाचा ते ओळखतो. आमची जुनी गाडी गोठ्याच्या बाजूला उभी आहे. पोरगा म्हणतो, "बाबा, भंगारवाल्याले देऊन टाका, जागा तं मोकळी होईन." मी म्हणतो, "जागेचं काय करशील?" तो पिकअपकडे निघून जातो. माझी बायको गिरजा, तिला जाऊन दोन पावसाळे झाले. घरात तशीही जागा बरीच मोकळी झाली आहे.

गाडी इस्टेट होती. डिझेलवर चालणारी, लांब, पांढरी, मागं डिक्कीच्या जागी एक खोलीच. नागपूरच्या एका कापडवाल्या शेठजीकडून घेतली तेव्हाच बरीच फिरलेली होती. शेठजी मधली सीट पाडून तिच्यात कापडाचे तागे भरत. घरी आणून गिरजानं झाडली तर सीटखालून टाचण्या निघाल्या, किमतीच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि जरीची एक पट्टी निघाली. ती पट्टी तिनं देव्हाऱ्याला लावली. आमच्याकडे आल्यावर त्याच जागेत आम्ही कापूस भरला. गाडी उलटीच चालली म्हणायची. आधी कापड नेलं, मग कापूस.

जुनी गाडी बाळगायची म्हणजे तिच्या खोडी सांभाळायच्या. थंडीत चावी अर्धी फिरवायची, समोर पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं. घाई केली की ती खोकलायची, काळा धूर सोडायची आणि बंद पडायची. डावीकडची काच अर्ध्यावर अडकायची, ती हातानं ओढून वर घ्यायची. मागचा दरवाजा वर उचलला की वरच थांबायला पाहिजे, पण त्याचे दांडे मऊ पडले होते, म्हणून बांबूचा एक टेकू कायम आत ठेवलेला असायचा. टेकू न लावता कोणी आत डोकं घातलं तर दरवाजा मानेवर. वेचणीच्या दिवसांत तिच्यात इतका कापूस चिकटायचा की डिझेलच्या वासातही सरकीचा वास यायचा. कापसावरच्या लाल ढेकण्या सीटच्या शिवणीवरून रांगेनं चालायच्या. उंदरानं एकदा त्याच कापसाचं घर इंजिनाजवळ केलं, मऊ, गोल, आत पिल्लं. सेलूचा मिस्त्री म्हणाला, "काका, गाडी तुमची हाये का उंदराची?" मी म्हटलं, "भागीदारी हाये."

त्या गाडीत घरच्या माणसांच्या जागा ठरलेल्या होत्या. बसून कोणी ठरवल्या नव्हत्या. चालवायला मी. माझ्या बाजूला दादा, म्हणजे माझे मोठे भाऊ. घराचा कारभार त्यांच्याकडे, म्हणून पुढची सीट त्यांची. मधल्या सीटवर वहिनी, सुना, कोणी पाहुणा. गिरजा मागच्या खोलीत, नातवंडं आणि जेवणाचे डबे घेऊन. पोरं तिच्याजवळच चूप राहायची. गिरजा खाली गोधडी टाकायची, मधल्या सीटला पाठ टेकायची आणि मागच्या काचेतून पाहत बसायची. दादा तिचे भासरे. भासऱ्यासमोर आमच्याकडे बाई पदर पुढं ओढते, खाटेवर बसत नाही, सरळ बोलत नाही. बोलायचंच झालं तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून बोलते. त्यामुळे मागची जागा तिला सोयीचीच आहे असं सगळे धरून चालले होते. मीही.

ज्या सालाची ही गोष्ट, ते दोन हजारच्या पुढचं. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला, मग कडक ऊन पडलं आणि साऱ्या शिवाराची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, एकाच वेळी फुटली. गावातल्या बाया आधीच वाटल्या गेल्या होत्या. कोणी सांगितलं की हिंगणीच्या पुढं, जंगलाला लागून गोंडांचा टोला म्हणजे पाडा आहे, तिथल्या बायांचा हात चांगला चालतो. आमचं गाव केळझरच्या अलीकडे, नागपूरच्या अंगाला. आधी केळझर लागतं, मग सेलू, मग हिंगणी, मग तो टोला. मी गाडी काढली आणि धुक्यातून तिथं पोचलो.

बाया रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. काखेत भाकरीचं फडकं, कमरेला ओटी बांधायला जुनं लुगडं. त्यांची म्होरकी सायत्राबाई तंबाखू मळत होती. तिनं वाकून गाडीत पाहिलं, मग बायांकडे पाहिलं, आणि त्या एकेक करून खाली बसल्या.

मी म्हटलं, "काऊन बसल्या? चाला ना. उन्ह निघून राह्यलं."

"मालक, तुमची बाई कुठी हाये?"

"घरी हाये. सयपाक करून राह्यली."

"मंग आमीबी घरी," सायत्राबाई म्हणाली. "अंधारात एकटा माणूस गाडी घेऊन आला अन् आमी बसलो, तं उद्या लोकं काय म्हणतीन?"

"अवो बाई, माहे केस तं पाह्य."

"केस पिकले. बाकीचं आमाले काय मालूम?"

बाया पदरात तोंड घालून हसल्या. मी रिकामी गाडी घेऊन परत आलो.

गिरजाला सांगितलं तर ती म्हणाली, "मी काय मुकरदम हाव काय?" मी म्हटलं, "कापूस वावरात हाये, तूच सांग मंग काय कराचं." दुसऱ्या दिवशी अंधारातच ती तयार होऊन आली. सवयीनं सरळ मागच्या दरवाज्याकडे गेली आणि मी टेकू लावायची वाट पाहत उभी राहिली. मी म्हटलं, "मांगं बाया बसतीन. तू पुढं बस." तिनं ओसरीकडे पाहिलं. दादा अजून उठले नव्हते. मग ती पुढं बसली, सीटच्या कडेला, परक्याच्या घरी बसावं तशी. एक हात दरवाज्याच्या कडीवर.

केळझर जवळ आलं, टेकडी दिसायला लागली, टेकडीवरचं गणपतीचं देऊळ दिसायला लागलं. तिनं विचारलं, "हे कोणतं गाव व्हय?"

मला वाटलं गंमत करते. "केळझर."

"केळझर असं नाई दिसत."

चतुर्थीला ती किती वेळा तिथं गेली असेल. पण आमच्या गाडीत मागं तोंड करून. त्याच्या आधी बैलबंडीत, तिथंही बाया मागंच तोंड करून बसतात. एसटीत उभ्यानं, लोकांच्या पाठी पाहत. केळझर सोडून जाताना कसं दिसतं ते तिला झाडासकट ठाऊक होतं. समोरून येताना कसं दिसतं ते तिनं पाहिलंच नव्हतं. सेलूही तिनं ओळखलं नाही. मी एकेक गाव सांगत गेलो. सारा संसार याच भागात केलेल्या बाईला मी सांगत होतो, हा सेलूचा फाटा, हे हिंगणी.

टोल्यावर सायत्राबाईनं वाकून पाहिलं. म्हणाली, "आता बरोबर हाये." आणि बाया भराभर शिरल्या. मधल्या सीटवर एकमेकींच्या मांडीवर, मागच्या खोलीत डब्यांसारख्या दाटून. गाडीची मागची बाजू खाली बसली आणि दिव्याचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागला.

मग रोजचंच झालं. सकाळी जाताना आम्ही दोघं, परतताना गाडीभर बाया. वावरात दव वाळलं की वेचणी सुरू, संध्याकाळी मोजमाप, मग बाया पोचवायच्या. पोचवून येताना पुन्हा आम्ही दोघं. बोरच्या डोंगराकडे लाली राहायची, तुरीचा हिरवा वास अर्ध्या काचेतून आत यायचा, रस्त्यावर कोणी कोणी शेकोटी पेटवलेली असायची. आमचं घर मोठं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं असे एकटे कधी नव्हतो. खोलीत असलो तरी भिंतीपलीकडे कोणी तरी खोकलत असायचं. इथं गाडीचा आवाज इतका होता की मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू यायचं नाही, आणि मोठ्यानं बोललं तरी ऐकणारं कोणी नव्हतं.

ती बोलायला लागली. घरात ती कमी बोलणारी म्हणून प्रसिद्ध होती. गाडीत मला बोलायला जागा मिळायची नाही. कोणती सून कशी, कोणत्या गाईचं दूध कसं, लग्नात माझ्या मामानं जिलब्या कशा लपवल्या होत्या. एकदा म्हणाली, "तुमी झोपेत बैलाले हाका मारता."

"कोणत्या बैलाले?"

"ढवळ्याले. थो मरून किती सालं झाले, तुमी अजून त्याले जुपताच."

मला हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत सांगायला तिला वेळ मिळाला नव्हता.

एका संध्याकाळी रोहण्याची गोष्ट निघाली. रोहणा तिचं माहेर, तिकडं आर्वी तालुक्यात. आईबाप कधीच गेले होते, भाऊ होता. वर्षा-दोन वर्षांनी आम्ही सगळे त्याच गाडीनं जायचो. ती म्हणाली, "माहेराले मी पाठ करूनच पोचली. गाडी थांबली, दरवाजा उघडला, अन् कोणी म्हणे उतर, रोहणा आला. येतानी कधी दिसलाच नाई. जातानी तेवढा दिसते, लहान लहान होत."

मी गिअर बदलला.

"मले एक डाव पुढं बसून रोहण्याले जाचं हाये," ती म्हणाली.

"जाऊ ना. वेचणी होऊ दे."

"वेचणी झाली का सीट भासऱ्यायची."

ते खरं होतं. कापूस वावरात उभा होता तोवर एक दिवस मोकळा मिळायचा नाही, आणि कापूस घरी आला की पुढची सीट तिची राहायची नाही. हे तिनं रडून सांगितलं नाही. मीठ संपलं असं सांगावं तसं सांगितलं आणि बाहेर पाहत बसली. त्यानंतर मी वावरात उभा राहून पऱ्हाटीकडे पाहायचो तेव्हा मला दोन हिशेब दिसायचे. कापूस लवकर निघावा असंही वाटायचं आणि निघू नये असंही.

मधेच एक सकाळ अशी आली. दादा सेलूला एका सोयऱ्याकडे मुक्कामाला गेले होते. आम्ही बाया घेऊन परतत होतो, तर ते स्टँडवर उभे. हात केला. मी गाडी थांबवली. त्यांनी नेहमीसारखा पुढचा दरवाजा उघडला. आत गिरजा, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

मागं बायांची कुजबुज एकदम थांबली. गिरजाचा हात कडीवर गेला. मला वाटलं, उतरते. हात तिथंच राहिला. मग ती मान न वळवता म्हणाली, "सायत्राबाई, भासऱ्याले सांग, पुढं जागा नाई. मांगं हाये."

दादा तिथंच, हातभर अंतरावर उभे. तरी सायत्राबाईनं रीत पाळली आणि मोठ्यानं सांगितलं, "मोठे मालक, बाई म्हणते पुढं जागा नाई."

"आयकू आलं मले," दादा म्हणाले.

ते थोडा वेळ दरवाजा धरून उभे राहिले. मी समोर पाहत होतो. समोर एक गाय रस्ता ओलांडत होती, ती मला अजून आठवते. मग दादांनी दरवाजा लावला आणि गाडीला वळसा घालून मागं गेले. मी उतरून टेकू लावला. सत्तरीचा माणूस, धोतर सावरत, वाकून आत शिरला. बाया सरकल्या. एका पोरीनं आपलं गाठोडं त्यांच्या पाठीशी दिलं. सायत्राबाई म्हणाली, "पाय इकडं करा मालक, तिकडं भाकरी हायेत."

केळझरपर्यंत गाडीत कोणी शब्द बोललं नाही. केळझर गेलं आणि एक बाई खुदकन हसली, मग दुसरी, मग सगळीच गाडी हलायला लागली. दादा हसले का ते मला दिसलं नाही. घरी उतरल्यावर धोतराचा कापूस झटकत मला म्हणाले, "टेकू बदल. कोणाच्या तरी मानेवर पडन." बाकी काही नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

मी तिला म्हटलं, "आता काय, बसत जा पुढं सगळ्यायसमोर." ती म्हणाली, "थ्या दिवशी मांगं बाया होत्या. मी कामावर होती. आपल्या लोकायत मले नाई जमत." तिला काय जमतं आणि काय नाही ते तीच ठरवायची. लोकांना वाटायचं दादा ठरवतात.

परवा दुपारी घरात कोणी नव्हतं तर मी गोठ्याकडे गेलो. मागचा दरवाजा उघडला, टेकू लावला आणि आत जाऊन तिच्यासारखा बसलो, मधल्या सीटला पाठ टेकून. गुडघे मावत नाहीत. ती उंच नव्हती. समोर निंबाचं झाड, पाण्याचं टाकं, पोरानं नवीन घेतलेला फवारणीचा पंप. बराच वेळ पाहिलं. गाडी उभी होती, म्हणून काही लहान झालं नाही. मग कंबर धरली आणि उतरलो. शेजारचा विचारत होता, काका काय शोधून राह्यले? म्हटलं, पाना.

त्या साली वेचणी संपली ती थंडीच्या शेवटी. पऱ्हाटीवर राहिला तो कवडीचा, खराब कापूस, त्यासाठी बाया आणायची गरज नव्हती. शेवटच्या संध्याकाळी टोल्यावर बाया उतरल्या तेव्हा गिरजानं सगळ्यांना एकेक चोळीचं कापड दिलं. सायत्राबाई म्हणाली, "पुढच्या साली येजो बाई. एकट्याले धाडू नको." परत येताना गिरजा समोर पाहत बसली. सगळी गावं आता तिला समोरून पाठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं अंधारातच उठलो. उठून काय करायचं ते कळेना म्हणून बाहेर आलो. गाडीत कोणी तरी बसलेलं दिसलं. गिरजा. पुढच्या सीटवर, मागं पूर्ण टेकून, चांगलं लुगडं नेसून.

मी म्हटलं, "आज बाया नाईत."

"मालूम हाये."

"मंग?"

"रोहण्याले."

मी वळून पाहिलं तर दादा ओसरीवर राखुंडीनं दात घासत उभे. त्यांनी गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर ओढला, पण उतरली नाही. मला वाटलं आता विचारतील, कुठी चालले, कायले चालले. त्यांनी चूळ भरली, थुंकले आणि म्हणाले, "डिझेल हाये काय पुरेसं?"

"हाये."

"मंग दिवा विझू दे. घाई नको करू."

पिवळा दिवा विझला. गाडी एका फटक्यात चालू झाली.

वर्धा मागं पडलं, पुलगाव मागं पडलं, आर्वीकडचा रस्ता लागला. त्या दिवशी गिरजानं कडी धरली नव्हती. हात मांडीवर. एका चढावर रस्ता वर गेला आणि खाली शिवार दिसायला लागलं. आधी झाडं, मग पाण्याची टाकी, मग शाळेच्या छपराचे टिन. मी गाडी हळू केली.

"थांबवू काय?"

"नाई," ती म्हणाली. "येऊ द्या."

रोहणा येत गेला. घरं वेगळी वेगळी झाली, एका घराच्या छपरावर वाळत घातलेल्या मिरच्या दिसल्या, मग मिरच्यांजवळची म्हातारी दिसली, म्हातारीनं कपाळावर हात धरून आमच्याकडे पाहिलं. गिरजा थोडी पुढं वाकली होती. काच पुसत होती, काच स्वच्छ असून.

भाऊ धावत बाहेर आला. "न सांगता आले? कोणी मेलं काय?"

"कोणी नाई मेलं," ती म्हणाली. "मी पाहाले आली."

"काय पाहाले?"

"पाह्यलं," ती म्हणाली आणि आत गेली.

जेवण झालं. भावजयीनं पोळ्या केल्या, वांग्याची भाजी केली, शेजारच्या बाया येऊन गेल्या. दुपार कलल्यावर आम्ही निघालो. भावजयीनं कुंकू लावलं. मी पुढचा दरवाजा उघडला तर गिरजा गाडीला वळसा घालून मागं गेली आणि टेकूची वाट पाहत उभी राहिली.

मी म्हटलं, "आता काऊन? पुढची सीट खाली हाये. कोणी नाई."

"येतानी पुढून पाह्यला," ती म्हणाली. "जातानी बी दिसू दे मले."

मी टेकू लावला. ती आत बसली, सीटला पाठ टेकून, पाय लांब करून. मी एकटाच पुढं बसलो. आरशात तिचं डोकं दिसत होतं, पदर खांद्यावर पडलेला, आणि तिच्या डोक्याच्या पलीकडे रोहणा. भाऊ हात हलवत होता. मग भाऊ लहान झाला, मग घर. चढ लागला. मी तिसऱ्या गिअरवर जाऊ शकत होतो, गेलो नाही. दुसऱ्यावरच ठेवली, बैलगाडीसारखी. मागून एक ट्रक आला, हॉर्न देत राहिला, शेवटी बाजूनं निघाला आणि जाता जाता ट्रकवाल्यानं शिवी दिली. देऊ दे म्हटलं. तिला अजून शाळेचे टिन दिसत होते.